रॅक शेजारच्या खोलीत, रिमोट सोफ्यावर: मोठ्या होम थिएटरमध्ये रिमोटचा पल्ला कसा वाढवायचा

मोठ्या होम थिएटरमध्ये एव्ही रिसीव्हर (सगळ्या उपकरणांचं चित्र आणि आवाज एकत्र घेऊन पडद्याला आणि स्पीकरला देणारा डबा), सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर हे सगळं रॅकमध्ये घालून शेजारच्या खोलीत ठेवायचं, हा निर्णय चांगलाच आहे. पंख्यांचा आवाज, उष्णता आणि लुकलुकणारे दिवे पडद्यापासून लांब जातात. अडचण एकच होते, सोफ्यावरून एकही रिमोट चालत नाही. मग बहुतेक जण ‘पल्ला वाढवणारा’ म्हणून मिळणारा बिनतारी डबा मागवतात. तो दहातली सहा बटणं पकडतो आणि आवाज वाढवायला गेलं की अडखळतो.

आमचा आग्रह पहिल्यापासून सांगून ठेवतो. सिग्नल हवेतून लांब पळवत बसू नका. बसणाऱ्या माणसासमोरच तो पकडा, तारेत घाला आणि उपकरणाच्या तोंडाशी नेऊन सोडा.

उदाहरणासाठी एक नेहमीची मांडणी धरू. खोली ३० फूट बाय १८ फूट. पडदा समोरच्या भिंतीवर, प्रोजेक्टर मागच्या बाजूला छताला टांगलेला. रॅक डावीकडच्या ९ इंची विटांच्या भिंतीपलीकडे स्टोअररूममध्ये. रॅकमध्ये एव्ही रिसीव्हर, सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर आणि एक स्ट्रीमिंग स्टिक.

पायरी १: कोणता रिमोट कशावर चालतो ते ओळखा

पैसे खर्च करायच्या आधी सगळे रिमोट टेबलावर मांडा. मोबाइलचा पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा सुरू करा, खोलीत थोडा अंधार करा आणि रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे करून बटण दाबा. जांभळट पांढरा उजेड चमकला तर तो रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे बोलीत ‘आयआर’. हा उजेड साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पुढचाच वापरा.

काहीच चमकलं नाही आणि सेल नवे असतील, तर रिमोट रेडिओवर चालतो, बहुधा ब्लूटूथवर. इथे एक गोष्ट फसवते. स्ट्रीमिंग स्टिकचे बोलून आज्ञा देता येणारे रिमोट बहुधा दोन्ही प्रकारचे असतात. मेन्यूची बटणं ब्लूटूथवर आणि टीव्हीचा आवाज, पॉवर ही बटणं इन्फ्रारेडवर. त्यामुळे एकच बटण दाबून निकाल देऊ नका. पॉवर, आवाज आणि बाण ही तिन्ही तपासा.

कागदावर उपकरण, रिमोटचा प्रकार आणि ते कुठे ठेवलंय अशी तीन रकान्यांची यादी करा. पुढची सगळी खरेदी या कागदावरून होते.

पायरी २: सिग्नल कुठे मरतो ते बघा

आयआर म्हणजे शेवटी उजेडच. विटांची भिंत, लाकडी दार, जाड पडदा यांतून तो जात नाही. साध्या काचेतून जातो, पण काचेवर उष्णता अडवणारी सनफिल्म लावलेली असेल तर अडतो. रॅकच्या काचेच्या दाराला गडद फिल्म लावून घेणारे इथेच अडकतात. अंतराचाही हिशेब आहे. अंतर दुप्पट झालं की सेन्सरवर पोचणारा उजेड एक चतुर्थांश होतो, आणि साध्या रिमोटची हद्द समोरासमोर ७ ते १० मीटरच्या आसपास संपते.

रॅकचं दार उघडा, एक मीटरवर उभे राहा, रिमोट चालवा. चाललं तर उपकरण ठीक आहे. एक मीटरवरही अडखळत असेल तर दोष पल्ल्याचा नाही, आधी सेल बदला. चार्जेबल सेल १.२ व्होल्ट देतात, साधे १.५, काही रिमोटना हा फरक जाणवतो.

पायरी ३: काय विकत घ्यायचं

आयआर उपकरणांसाठी तारेचा ‘आयआर रिपीटर’ घ्या. त्याचे चार भाग असतात. डोळा म्हणजे सेन्सर, जो थिएटरमध्ये बसतो. मधला जोडणीचा ठोकळा, जो रॅकमध्ये राहतो. एमिटर, म्हणजे उपकरणाच्या तोंडावर चिकटवायचे बारीक एलईडी. आणि अ‍ॅडॉप्टर, किटप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्टचा. वरच्या मांडणीसाठी यादी अशी होते: सेन्सर १, ठोकळा १ (किमान सहा एमिटरचा), एमिटर ५ (रॅकसाठी तीन, प्रोजेक्टरसाठी एक, एक राखीव), आणि कॅट-६ केबल (नेटवर्कला वापरतात ती, पिळलेल्या चार जोड्यांची).

किट घेताना एका आकड्याकडे लक्ष द्या. रिमोटचा उजेड सलग नसतो, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. बहुतेक रिमोट ३८ किलोहर्ट्झवर, फिलिप्सची जुनी आरसी-५ पद्धत ३६ वर, सोनीची ४० वर, काही उपकरणं ५६ वर. स्वस्त किटमधला सेन्सर फक्त ३८ साठी बनवलेला असतो. ३६ आणि ४० वर तो कमी अंतरावरून का होईना पकडतो, ५६ वर बहुधा हात टेकतो. म्हणून पाकिटावर ३० ते ६० किलोहर्ट्झ असा पट्टा लिहिलेला किट घ्या. बँग अँड ओलुफसेनचे रिमोट ४५५ किलोहर्ट्झवर चालतात, त्यांना वेगळाच सेन्सर लागतो.

सुटे भाग हवे असतील तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेतच. ३.५ मिमीचे जॅक, एलईडी, ४७० ओहमचे रेझिस्टर तिथे सुटे मिळतात. पण सेन्सर आणि ठोकळा एकाच किटचे ठेवा. एका किटचा सेन्सर ५ व्होल्टचा आणि दुसऱ्याचा ठोकळा १२ व्होल्टचा असला, तर लावताक्षणी सेन्सर जळतो.

पायरी ४: तार ओढणे

किटसोबत येणारी सेन्सरची तार दीड-दोन मीटरची असते. भिंतीपलीकडे जायला कॅट-६ ओढावी लागते. आपल्या मांडणीत पडद्याखालून रॅकपर्यंत कडेकडेने १२ ते १४ मीटर भरतात; दोन्ही टोकांना एकेक मीटर जादा ठेवून १६ मीटर धरा. प्रोजेक्टरसाठी वेगळी केबल, छतातून साधारण १८ मीटर.

केबल शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची केबलही कॅट-६ म्हणून विकली जाते. तिचा विजेला विरोध जास्त असतो आणि स्क्रूखाली दाबली की तार तुटते. तुटलेली तार आवरणाच्या आत दिसत नाही, आणि मग दोष शोधण्यात दिवस जातो. ओळखायला सोपं आहे: तार ब्लेडने हलकेच खरवडा. आत चंदेरी दिसलं तर परत करा.

सेन्सरला तीन गोष्टी लागतात: प्लस, ग्राउंड आणि सिग्नल. चार तारा अशा वापरा. निळी प्लसला, निळी-पांढरी ग्राउंडला. नारिंगी सिग्नलला, नारिंगी-पांढरी पुन्हा ग्राउंडला. सिग्नल आपल्याच ग्राउंडशी पिळलेला राहिला की बाहेरचा गोंधळ कमी शिरतो. हिरवी आणि तपकिरी जोडी मोकळी सोडा, दुसरा सेन्सर लावायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. व्होल्टेज पडेल अशी भीती नको. १५ मीटर कॅट-६ च्या जाऊन-येऊन दोन तारांचा विरोध तीन ओहमहून कमी असतो, आणि सेन्सर काही मिलिअँपिअरवर चालतो.

प्लास्टर व्हायच्या आधी हे काम करणार असाल तर दोन पाइप टाकायला सांगा. विजेच्या वायरिंगच्या पाइपमधून ही केबल नेऊ नका. सुरक्षिततेसाठीही नाही आणि सिग्नलसाठीही नाही. वायरमनला हे तोंडी सांगून भागत नाही, भिंतीवर खडूने ओळ मारून दाखवा. पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवली तर पुढे एखादी केबल वाढवताना भिंत फोडावी लागत नाही.

पायरी ५: चिकटवण्याआधी टेबलावर चाचणी

सेन्सर, ठोकळा, एक एमिटर आणि अ‍ॅडॉप्टर मोकळे जोडा. सेन्सरवर रिमोट दाबा आणि एमिटर सेल्फी कॅमेऱ्याने बघा. चमकला पाहिजे. मग तीच चाचणी ओढलेल्या पूर्ण केबलवर करा. या क्रमाने गेलात तर दोष किटचा की केबलचा हे लगेच कळतं.

जॅककडे नीट बघा. एमिटरचा जॅक दोन भागांचा, म्हणजे मोनो असतो. सेन्सरचा तीन भागांचा. मोनो जॅक चुकून सेन्सरच्या सॉकेटमध्ये घातला तर पुरवठा शॉर्ट होऊ शकतो. त्याहून महाग चूक म्हणजे एव्ही रिसीव्हरच्या मागे असणारं ‘१२ व्होल्ट ट्रिगर’चं, म्हणजे दुसरं उपकरण चालू करायला वीज देणारं सॉकेट. तेही ३.५ मिमीचंच असतं आणि आयआर सॉकेटच्या अगदी शेजारी. त्यात एमिटर घातला तर एमिटर जळतो. मागच्या पॅनेलवरची अक्षरं टॉर्च मारून वाचल्याशिवाय काहीही खुपसू नका.

पायरी ६: एमिटर बसवणे

सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. त्यामुळे थोडं सावकाश.

उपकरणाचा सेन्सर पुढच्या काळ्या प्लास्टिकमागे असतो, वरून दिसत नाही. टॉर्च तिरपा धरून बघा. बहुतेक वेळा आत वाटाण्याएवढा गोल, घुमटीसारखा भाग दिसतो. दिसला नाही तर जाड पुठ्ठ्याला पेन्सिलीएवढं भोक पाडा, पुठ्ठा पॅनेलला टेकवा आणि रिमोटचं टोक भोकाला लावून बटण दाबत डावीकडून उजवीकडे सरका. ज्या जागी उपकरण प्रतिसाद देतं तिथे पेन्सिलीने खूण करा.

आता एमिटर त्या खुणेवर बोटाने धरा, चिकटवू नका. सोफ्यावर बसलेल्या माणसाला प्रत्येक बटण दाबायला सांगा. सगळी चालली, विशेषतः आवाजाचं बटण दाबून धरल्यावर आवाज एकसारखा चढला, तरच पाठीमागचा कागद काढा. पॅनेल आधी स्पिरिटने पुसून घ्या. रॅकच्या उष्णतेत धुळीवर चिकटवलेला एमिटर महिन्याभरात गळून पडतो, आणि मग ‘रिमोट बिघडला’ असा समज होतो.

कधी उलटंही होतं. एमिटर अगदी सेन्सरवर चिकटला की उजेड इतका जास्त होतो की उपकरण गोंधळतं, एकदा दाबलं तर दोनदा धरतं किंवा काहीच करत नाही. एमिटर तीन-चार मिलिमीटर बाजूला सरकवा किंवा मध्ये पारदर्शक टेपचे दोन थर द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

एव्ही रिसीव्हरच्या मागे आयआर किंवा रिमोट इन असं सॉकेट असेल तर थेट तार जोडण्याचा मोह होतो. काही कंपन्या तिथे पूर्ण सिग्नल मागतात, काही ३८ किलोहर्ट्झची लहर काढून टाकलेला. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नवख्या माणसाने एमिटरच वापरावा.

अ‍ॅडॉप्टर कायम चालू राहील अशा प्लगला लावा, जमल्यास रॅकच्या यूपीएसवर. एव्ही रिसीव्हरबरोबर बंद होणाऱ्या प्लगवर लावला तर रिसीव्हर बंद असताना रिपीटरही मेलेला असतो आणि चालू करायला उठून जावं लागतं.

पायरी ७: सेन्सर कुठे

पडद्याखाली, मध्याच्या जवळ, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या किंचित खाली. सेन्सर साधारण ४५ अंश डावीकडे आणि ४५ अंश उजवीकडे नीट बघतो. १८ फूट रुंद खोलीत एक पुरतो. रांगा दोन असतील आणि मागची रांग चौथऱ्यावर असेल तर पुढच्या डोक्यांमुळे अडथळा होतो, तेव्हा दुसरा सेन्सर मागच्या रांगेसमोर बाजूच्या भिंतीवर द्या.

दोन ठिकाणं टाळा. पीओपीच्या खाचेतल्या एलईडी पट्टीजवळची जागा आणि थेट ऊन पडणारी जागा. डिमर लावलेली एलईडी पट्टी स्वतःच वेगाने चालू-बंद होत असते आणि सेन्सरला तो सिग्नल वाटतो. सततच्या गोंगाटात आपली संवेदनशीलता आपोआप कमी करायची सोय बऱ्याच सेन्सरमध्ये असते, त्यामुळे दिवे मंद केले की रिमोटचा पल्ला निम्म्यावर येतो. सिनेमा लावताना सगळ्यात आधी दिवेच मंद होतात, हे लक्षात ठेवून चाचणी त्याच उजेडात करा.

प्रोजेक्टर आणि एचडीएमआय

प्रोजेक्टरला पुढे आणि मागे असे दोन सेन्सर बहुधा असतात, आणि पांढऱ्या पडद्यावर आपटून आलेला उजेडही छोट्या खोलीत चालतो. ३० फुटांत मात्र रिमोटपासून पडदा आणि पडद्यापासून प्रोजेक्टर मिळून अंतर १२ मीटरच्या वर जातं, भरवसा राहत नाही. छतातून नेलेल्या केबलवर एक एमिटर लावा. एमिटरला दोनच तारा लागतात. एलईडी स्वतः जोडत असाल तर १२ व्होल्टला ४७० ओहमचा रेझिस्टर एकसरीत घाला, साधारण २३ मिलिअँपिअर जातात.

चित्रासाठी आधीच एचडीबेसटी एक्सटेंडर (एचडीएमआयचा सिग्नल कॅट-६ वरून लांब नेणारी दोन डब्यांची जोडी) बसवला असेल तर वेगळी केबल लागत नाही. एकाच कॅट-६ वरून चित्र, आवाज आणि आयआर तिन्ही जातात. तिथे आरएक्स लिहिलेल्या सॉकेटला सेन्सर, टीएक्सला एमिटर. दोन्ही डब्यांवर दोन्ही सॉकेट असतात म्हणून नवखे गडबडतात. माणूस ज्या टोकाला बसतो तिथे सेन्सर, उपकरण ज्या टोकाला आहे तिथे एमिटर.

निव्वळ चालू-बंद आणि आवाज एवढंच हवं असेल तर आधी एचडीएमआय सीईसी (एचडीएमआय तारेतूनच एका उपकरणाने दुसऱ्याला आज्ञा द्यायची सोय) करून बघा. त्याचा सिग्नल एचडीएमआयच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून जातो. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. सगळीकडे एकदम सुरू केलं की उपकरणं एकमेकांना जागं करत बसतात. एव्ही रिसीव्हर आणि प्रोजेक्टर या दोघांत सुरू करा, चार दिवस बघा, मग पुढचं जोडा.

ब्लूटूथ रिमोटचं काय

स्ट्रीमिंग स्टिकचा ब्लूटूथ रिमोट आयआर रिपीटरला दिसतच नाही. पत्र्याच्या रॅकमध्ये, एव्ही रिसीव्हरच्या पाठीला खोचलेल्या स्टिकपर्यंत विटांच्या भिंतीतून सिग्नल पोचणं कठीणच. इथे रिमोटचा पल्ला वाढवण्यापेक्षा स्टिक हलवावी. आधी सोबत मिळणाऱ्या एचडीएमआय जोडतारेने तिला पत्र्यापासून बाहेर आणा. त्याने भागलं नाही तर स्टिक पडद्याखाली ठेवा आणि लांब एचडीएमआयने रॅकशी जोडा. यूएसबी ३ ची हार्डडिस्क शेजारी ठेवू नका, तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि रिमोट अडखळतो.

वायफायचा हब कधी

तार ओढणं शक्यच नसेल, घर भाड्याचं असेल, तर रॅकसमोर वायफाय-आयआर हब, म्हणजे फोनवरची आज्ञा वायफायने घेऊन आयआरने सोडणारा डबा ठेवा. ब्रॉडलिंक आरएम४ मिनी फक्त आयआर देतो, आरएम४ प्रो सोबत ४३३ मेगाहर्ट्झचे रिमोटही शिकतो, म्हणजे मोटरच्या पडद्यांचेही जमतात. जोडणी करताना राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा चालू हवा, ५ वर हे हब येत नाहीत. हब रॅकच्या आत नाही, समोर दीड-दोन मीटरवर ठेवा, कारण त्याचा आयआर उजेड भिंतीवर आपटून उपकरणांपर्यंत जातो.

हबची खरी मर्यादा आवाजाच्या बटणात आहे. एनईसी या नेहमीच्या आयआर पद्धतीचा रिमोट बटण दाबून धरल्यावर दर १०८ मिलिसेकंदांनी ‘पुन्हा’चा सिग्नल पाठवतो. फोनवरून हबमार्फत दाबलं की बहुतेक वेळा एका स्पर्शाला एकच आज्ञा जाते, तीही किंचित उशिरा. रोज सिनेमा बघणाऱ्याला हे खटकतं, म्हणून हब दुय्यम ठेवा. जुन्या लेखांत लॉजिटेक हार्मनी घ्या असं लिहिलेलं सापडेल, पण २०२१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आयआर सिग्नल रेडिओवरून पलीकडे नेणाऱ्या, पिरॅमिडच्या आकाराच्या ४३३ मेगाहर्ट्झच्या जोड्याही मिळतात; एका उपकरणासाठी ठीक, पण शेजारच्यांची बिनतारी डोअरबेल त्याच पट्ट्यात असते.

बिघाड शोधताना

ठोकळ्यावरचा दिवा रिमोट न दाबताही सतत लुकलुकत असेल तर सेन्सरला कुठला तरी उजेड दिसतोय. सेन्सरवर काळं कापड टाका. लुकलुक थांबली तर एकेक दिवा बंद करत गुन्हेगार शोधा. कापडाखालीही थांबली नाही तर सिग्नलची तार तपासा, निळी आणि नारिंगीची अदलाबदल झालेली असू शकते.

सेन्सर आणि एमिटर एकमेकांना दिसत असतील, उदाहरणार्थ प्रोजेक्टरचा एमिटर पांढऱ्या पडद्यावरून सेन्सरपर्यंत पोचत असेल, तर सिग्नल गोल फिरत राहतो आणि एक बटण दाबलं की व्यवस्था काही क्षण गोठते. एमिटरवर किटमधली काळी टोपी चढवा, नसेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचे तीन थर द्या.

एकाच उपकरणाचं चालत नसेल तर त्याचा एमिटर ठोकळ्यावर चालणाऱ्या उपकरणाच्या एमिटरच्या सॉकेटमध्ये घालून बघा. तिथेही नाही चालला तर एमिटर गेला, राखीव लावा. चालला तर जागा चुकली आहे, पुठ्ठा घेऊन पायरी ६ पुन्हा. आणि एका कंपनीची दोन सारखी उपकरणं रॅकमध्ये असतील, समजा दोन सेट-टॉप बॉक्स, तर दोन्ही एकदम प्रतिसाद देतात. अशा वेळी पुढच्या पॅनेलवर काळी टेप लावून एमिटर तिच्या आत झाका, आणि दोन ठोकळे वेगळे ठेवून प्रत्येकाला स्वतःचा सेन्सर द्या.